तिन्हीसांजेला ‘मला घरी जायचंय’ म्हणणाऱ्या सासूबाई: आधी गोळ्यांची यादी बघा

ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी अल्झायमर्सचं निदान झालं. विसरणं होतं, पण घरातला वावर बरा होता. गेल्या दोन महिन्यांत मात्र दिवेलागणीला ‘मला घरी जायचंय’ म्हणून त्या दाराशी उभ्या राहतात, आंघोळीचं नाव काढलं की हात उगारतात, ‘सुनेनं माझ्या पाटल्या घेतल्या’ असं शेजारी सांगतात आणि रात्ररात्र जागतात. औषधं: डोनेपेझिल १० मिलिग्रॅम रात्री, रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन, मधुमेहाची मेटफॉर्मिन, लघवीची घाई होते म्हणून अडीच महिन्यांपूर्वी सुरू झालेली ऑक्सिब्युटिनिन आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम. आजार पुढच्या टप्प्यावर गेला का आणि शांत करणारं एखादं औषध सुरू करावं का, असं तुम्ही विचारलंय.

शांत करणारं औषध इतक्यात नको. आणि ‘आजार वाढला’ हे उत्तर सगळ्यात शेवटी स्वीकारायचं. अल्झायमर्समध्ये माणूस वर्षावर्षानं खालावत जातो. आठवड्याभरात किंवा महिन्या-दोन महिन्यांत माणूस एकदम बदलला, तर त्यावर दुसरं काहीतरी येऊन बसलंय असं धरून चालायचं आणि ते शोधायचं.

तुमच्या यादीतच दोन संशयित आहेत. डोनेपेझिल मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन टिकवून धरण्यासाठी दिलं जातं. ऑक्सिब्युटिनिन त्याच रसायनाचं काम अडवतं. म्हणजे एका गोळीनं कमावलेलं दुसरी गोळी घालवते, आणि वर गोंधळ, तोंड कोरडं पडणं आणि बद्धकोष्ठ हे होतंच. गंमत नाही, पण हे वारंवार घडतं: डोनेपेझिलमुळेच लघवीची घाई वाढू शकते, ती थांबवायला ऑक्सिब्युटिनिन येते, तिच्यामुळे गोंधळ वाढतो, रात्रीची झोप जाते, मग झोपेची गोळी येते आणि तिच्यामुळे तोल जातो, गोंधळ आणखी वाढतो. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतात, पण पूर्ण यादी एकानंही समोर ठेवून बघितलेली नसते. त्यामुळे या आठवड्यात सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला आणि ज्यांनी निदान केलं त्या न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा. ‘हा बदल ऑक्सिब्युटिनिन सुरू झाल्यानंतरचा आहे’ हे वाक्य स्पष्टपणे सांगा. डोनेपेझिल सकाळी दिली तर चालेल का, हेही विचारा. रात्री घेतल्यावर काहींना भयानक स्वप्नं पडतात आणि झोप मोडते. अल्प्राझोलाम रोज चालू असेल तर आपल्या मनानं एकदम बंद करू नका. ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करावी लागते, नाहीतर बेचैनी उसळते, क्वचित फिटही येते.

त्याच पिशवीत सर्दीच्या, अंगाला खाज सुटते म्हणून आणलेल्या आणि पोट दुखतं म्हणून घेतलेल्या गोळ्याही टाका. दुकानात सहज मिळणाऱ्या सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, आणि तेही अ‍ॅसिटिलकोलिन अडवतं. नैराश्यासाठी किंवा दुखण्यासाठी दिली जाणारी अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि कंपवातासाठीची ट्रायहेक्सिफेनिडिल याच जातीची.

औषधांनंतर शरीर. डिमेन्शिया (अल्झायमर्ससारखा स्मृतिभ्रंश) असलेल्या बाई ‘माझी दाढ दुखते’ असं सांगत नाहीत, त्या चिडतात. म्हणून हे तपासून घ्या: लघवीची तपासणी (म्हाताऱ्या माणसाला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग ताप न येताही होतो), शेवटचं शौच कधी झालं (तीन दिवस उलटले असतील तर कारण तिथेच असू शकतं), कानात मळ साचलाय का, कवळी टोचते का, गुडघे. उठताना कण्हणं, कपाळाला आठ्या, एखादा भाग कुणाला हात लावू न देणं, हे दुखण्याचं बोलणं आहे. डॉक्टरांना विचारून काही दिवस ठरावीक वेळेला पॅरासिटामॉल देऊन बघितलं तर कित्येकदा ‘वागणूक’ सुधारते. रक्तात सोडियम, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि बी-१२ बघायला सांगा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं, त्यातून शाकाहारी असतील तर आणखीच. आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत डोकं आपटलं असेल, अगदी किरकोळ, तरी ते सांगा. मेंदूवर हळूहळू साचणारं रक्त काही आठवड्यांनी गोंधळ, पेंग आणि चालण्यात फरक अशा रूपात दिसतं, आणि ते सीटी स्कॅनमध्ये कळतं.

थांबू नका असं एकच चित्र: एक-दोन दिवसांत गोंधळ उसळला, मध्येच भान येतं आणि मध्येच जातं, किंवा माणूस नेहमीपेक्षा एकदम सुस्त झाला. हा डेलिरियम. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

हे सगळं चालू असताना संध्याकाळ तर रोजच येणार आहे.

‘मला घरी जायचंय’ याला ‘अहो आई, हेच तुमचं घर, तीस वर्षं राहताय इथे’ हे उत्तर खरं असलं तरी उपयोगाचं नाही. त्यांना जे घर हवंय ते बहुतेक माहेरचं असतं, किंवा मुलं लहान होती तेव्हाचं, आणि खरं तर मागणी असते ती ओळखीच्या, सुरक्षित वाटण्याची. तुम्ही ‘हेच घर’ म्हणता तेव्हा त्यांना ऐकू येतं ते ‘ही बाई मला सोडत नाही.’ मग आवाज चढतो. त्याऐवजी शेजारी बसा, दारासमोर आडवं उभं राहू नका, आणि विचारा, ‘घरी कोण कोण असतं?’ विहीर, आंब्याचं झाड, धाकटी बहीण, जे निघेल त्यावर दोन वाक्यं बोला. मग, ‘चहा घेऊन निघू या का?’ फारच रेटा असेल तर चपला घाला आणि सोबत जिन्याखाली, सोसायटीला एक फेरी मारून परत या. दारातून आत येताना दिवे लागलेले असले, उदबत्तीचा वास असला, की बऱ्याच जणींना तेच ‘घरी पोचणं’ वाटतं. हे खोटं बोलणं आहे का, अशी बोच बऱ्याच सुनांना लागते. वस्तुस्थितीवर वाद घालत नाही आहोत, भावनेला उत्तर देतोय, इतकंच. मात्र ‘तुमची आई वारली, चाळीस वर्षं झाली’ असं सांगणं टाळा. ती बातमी त्यांच्यासाठी दर वेळी नवी असते.

याहून महत्त्वाचं काम संध्याकाळच्या आधी करायचं असतं. दुपारची झोप अर्धा-पाऊण तास, तीनच्या आत उठवायचं. तीननंतर चहा-कॉफी अगदी थोडी. चारला पोटात काहीतरी: लाडू, थालीपीठ, केळं, जे आवडेल ते. अंधार पडण्याच्या अर्धा तास आधी पडदे ओढा आणि घरातले सगळे मोठे दिवे लावा. अर्धवट उजेडात सावल्या पडतात आणि खिडकीच्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब परकी बाई होऊन उभं राहतं. टीव्हीवरची भांडणाची मालिका त्या वेळी बंद. आणि पाच ते सात हाताला काम द्या: वाती वळणं, मटार सोलणं, तांदूळ निवडणं, फडकी घडी करणं. वाती वाकड्या झाल्या तर होऊ द्या, त्यांच्यासमोर सुधारू नका. हाताला वर्षानुवर्षं सरावलेलं काम हे नुकत्याच घडलेल्या गोष्टींच्या आठवणींपेक्षा खूप उशिरा जातं. शुभंकरोती, अभंग आणि आरतीही. ज्यांना नातवाचं नाव सांगता येत नाही त्या अख्खी आरती म्हणतात.

दाराला कडी असेल तर वरच्या बाजूला, नजरेच्या टप्प्याबाहेर आणखी एक बसवा, पण त्यांना एकटीला आत कोंडून कधीच जाऊ नका. आग लागली तर बाहेर पडता येणार नाही. गळ्यातल्या माळेत किंवा हातातल्या कड्यावर नाव आणि दोन मोबाइल नंबर कोरून घ्या. आजचा, आजच्या कपड्यांतला फोटो फोनमध्ये असू द्या. वॉचमन, वाणी आणि कोपऱ्यावरचा रिक्षा स्टँड यांना सांगून ठेवा. निघून गेल्याच तर आधी घर, गच्ची, जिना, लिफ्ट आणि पार्किंग बघा, आणि पंधरा-वीस मिनिटांत सापडल्या नाहीत तर ११२ ला फोन. ‘चोवीस तास थांबा’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आता आंघोळ. मारामाऱ्या सगळ्यात जास्त इथेच होतात, आणि थोडी तयारी केली तर इथेच फरकही पटकन पडतो. नकारामागे सहसा यातलं काहीतरी असतं: थंडी वाजते, डोक्यावरून पाणी आलं की जीव गुदमरतो, चकचकीत फरशी ओली दिसते आणि पाय घसरेल वाटतं, सुनेसमोर उघडं होण्याची लाज, ‘माझी झाली आंघोळ’ ही खात्री, किंवा सगळ्या पायऱ्यांचा क्रमच आठवत नाही आणि ते कबूल करणं नको असतं.

वेळ त्यांची जुनी ठेवा. पहाटे आंघोळ करून पूजा करणाऱ्या बाईला दुपारी बाराला बाथरूममध्ये नेलं तर ती हात उगारणारच. ‘आंघोळ करा’ म्हणू नका, ‘पूजेचं सगळं मांडलंय, चला’ म्हणा. त्या आत येण्याआधी सगळं तयार हवं: बादलीत कालवलेलं पाणी, कोपर बुडवून बघितलेलं, अंगाला कोमट लागेल इतकंच, गीझर ५० अंशांच्या खाली, हात असलेली, न घसरणारी प्लास्टिकची खुर्ची, खाली रबरी मॅट, खिडकी बंद, साबण, पंचा आणि कपडे घालायच्या क्रमानं हाताशी. आरसा त्रास देत असेल तर त्यावर टॉवेल टाका. साडी सोडवल्यावर खांद्यावर एक आणि मांडीवर एक असे दोन पंचे टाका आणि ते आंघोळभर काढू नका, त्यांच्या खालूनच धुवा. लाजेचा आणि थंडीचा प्रश्न यानं निम्मा सुटतो.

पाणी पायांपासून सुरू करा, आधी सांगून: ‘पायावर पाणी घालते.’ एका वेळी एकच छोटं वाक्य. मग हात, पाठ, पोट, खालचा भाग आणि शेवटी ओल्या फडक्यानं चेहरा. तांब्या किंवा साबण त्यांच्या हातात द्या. हात गुंतलेला असला की मारायला उठत नाही आणि आपलं आपण करतोय असंही वाटतं. डोक्यावरून पाणी नको. केस वेगळ्या दिवशी, मान मागे टेकवून, डोळ्यांवर घडी घातलेलं फडकं धरून. चिडल्या तर तिथेच थांबा, पंचात गुंडाळा, वीस मिनिटांनी पुन्हा किंवा उद्या. आठवड्यातून दोन वेळा पूर्ण आंघोळ पुरते. बाकी दिवशी कोमट ओल्या फडक्यानं चेहरा, काखा, स्तनांखालचा भाग, जांघा आणि पायाच्या बोटांमधल्या फटी पुसून कोरड्या करा. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा आपला संस्कार आहे. या आजारात तो सैल करावा लागतो, आणि नातेवाईक काय म्हणतील याला इथे जागा देऊ नका. मोरीची आतली कडी मात्र आजच काढून टाका.

पाटल्यांचा आरोप. हा सगळ्यात जिव्हारी लागतो, कारण दिवसभर करणाऱ्या बाईवरच तो येतो. त्याचं कारणही तेच आहे. वस्तू आपणच ठेवली हे आठवत नाही, ती जागेवर नाही हे दिसतं, मधली रिकामी जागा मेंदू भरून काढतो आणि समोर सतत जी व्यक्ती आहे तिचं नाव तिथे बसतं. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झालेल्या ज्या ऑगस्टे डेटर यांच्यावरून अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये हा आजार मांडला, त्यांच्या आजाराचं पहिलं ठळक लक्षण नवऱ्यावरचा संशय हेच होतं. तुमच्या वागण्यात खोट आहे म्हणून हे होत नाहीये.

एकदा शांतपणे खात्री करून घ्या की खरंच काही गेलेलं नाही, कारण कधीकधी गेलेलं असतं. मग खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये आणि तशाच दिसणाऱ्या, साध्या धातूच्या त्यांच्या हातात. एक छोटी पर्स, त्यात दहा-वीसच्या नोटा आणि किल्ली. तिच्यासारखीच दुसरी पर्स कपाटात. आरोप झाला की शपथा घ्यायच्या नाहीत, पुरावे द्यायचे नाहीत, ‘मी इतकं करते आणि तुम्ही...’ हेही नाही. ‘पाटल्या सापडत नाहीत? चला, शोधू या.’ सोबत शोधा आणि त्या त्यांना सापडतील असं बघा. नेहमीच्या जागा: तांदळाचा डबा, गादीखाली, उशीच्या अभ्र्यात, फ्रीजमध्ये, पदराच्या गाठीत. कचरा टाकण्याआधी पिशवी चाळा. कवळ्या आणि श्रवणयंत्रं तिथूनच जातात. नणंदेला आणि शेजारणींना आजाराबद्दल तुमच्या नवऱ्यानं सांगायचं, तुम्ही नव्हे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे.

रात्रीसाठी: खोलीपासून संडासापर्यंत मंद, सलग उजेड, संडासाच्या दारावर कमोडचं मोठं चित्र, झोपण्याआधी लघवी, दिवसा दर दोन तासांनी ‘जायचंय का?’ न विचारता हात धरून नेणं. पाणी दिवसा दीड लिटरच्या आसपास (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी बंधन नसेल तर), पण बहुतेक सातच्या आधी. पाणी तोडून घाई कमी होत नाही. घट्ट लघवीनं ती वाढते आणि बद्धकोष्ठही होतं. पायपुसणी काढून टाका. गॅस रात्री रेग्युलेटरपासून बंद. देवघरात निरांजनाऐवजी बॅटरीचा दिवा, निदान तुम्ही तिथे नसताना.

जेवण कमी झालं असेल तर ताट बघा. पांढऱ्या ताटात पांढरा भात आणि ताक-कढी त्यांना वेगळी दिसतच नाही, चकचकीत स्टीलवर दिव्याची तिरीप येते. गडद रंगाची, काठ असलेली ताटली वापरा आणि एका वेळी दोनच पदार्थ वाढा. खाताना ठसका लागणं, जेवणानंतर आवाज ओला, घशात पाणी असल्यासारखा होणं, घास गालात साठवून ठेवणं दिसलं तर गिळण्याची तपासणी करून घ्या. ताठ बसवून भरवा आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका.

शांत करणाऱ्या औषधांबद्दल पुन्हा. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन किंवा हॅलोपेरिडॉल यांसारखी औषधं डिमेन्शिया असलेल्या वयस्कांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्ये नव्या पिढीच्या औषधांवर याचा ठळक इशारा छापायला लावला आणि २००८ मध्ये तो हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लावला. सासूबाईंच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल किंवा भास-भीतीनं त्यांची स्वतःची तडफड होत असेल, तरच. सगळ्यात कमी मात्रेत. आणि सहा ते बारा आठवड्यांत कमी करण्याचा प्रयत्न होईल अशी तारीख ठरवून. त्यांना स्पष्ट दिसणारी माणसं-प्राणी असे भास, झोपेत हातपाय झाडणं, अंग आखडणं हे असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा. तो ल्युई बॉडी डिमेन्शिया हा वेगळा प्रकार असू शकतो, आणि त्यात हॅलोपेरिडॉल जिवावर बेतू शकतं. ‘घरी जायचंय’, वस्तू लपवणं, तोच प्रश्न वीसदा विचारणं यावर या औषधांचा उपयोग होत नाही.

डॉक्टरांकडे पुढच्या भेटीला जाताना दहा दिवसांची वही न्या. किती वाजता, काय झालं, त्याआधी काय चाललं होतं, कशानं शांत झाल्या, झोप किती, शौच झालं का. एवढे सहा रकाने. ‘फार त्रास देतात’ यावर गोळी मिळते; ‘रोज पावणेसात ते आठ, शौच न झालेल्या दिवशी जास्त’ यावर उपाय मिळतो.

तुमच्यासाठी: आठवड्यातून ठरलेला एक अर्धा दिवस तुम्ही घराबाहेर, आणि त्या वेळेला मुलगा किंवा लेक घरी. उपकार म्हणून नव्हे, वेळापत्रकात लिहून. मावशी ठेवणार असाल तर वरचं आंघोळीचं आणि संध्याकाळचं सगळं तिला दोन-तीन दिवस सोबत राहून दाखवा. भारतीय अल्झायमर्स आणि संबंधित विकार संघटना (एआरडीएसआय) १९९२ पासून काम करते आणि तिच्या शाखांतून काळजी घेणाऱ्यांचे गट चालतात. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. तुमचं स्वतःचं मन बुडत असेल, झोप-भूक गेली असेल, तर टेलिमानस १४४१६.

कागदपत्रांना उशीर करू नका. सासूबाईंना अजून चांगल्या वेळी व्यवहार कळत असेल तर मृत्युपत्र आत्ताच, डॉक्टरांच्या ‘समज शाबूत आहे’ अशा दाखल्यासह आणि नोंदणी करून. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. करून देणाऱ्याची समज गेली की भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ते संपतं, आणि बरीच कुटुंबं नेमकी तिथेच अडकतात. त्यानंतर मालमत्तेसाठी पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावं लागतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांबाबतची त्यांची इच्छा आणि त्यांचा प्रतिनिधी त्या आत्ता लिहून देऊ शकतात. पेन्शनचं खातं संयुक्त करता येतं का आणि कुणासोबत, हे बँकेत विचारून घ्या. सही जमत नसेल तर अंगठा चालतो, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा अधिकारी. आणि चेकबुक, एटीएम कार्ड आणि ओटीपी येणारा फोन आजपासून तुमच्या नवऱ्याच्या ताब्यात ठेवा.